स्क्रम सुरू करूनही रिलीज लांबतोच. कंपनीतले विभाग मोडावेत का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या तुमच्या चाळीसेक जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम (छोट्या टीमने थोड्या थोड्या दिवसांत काम पुरं करत जायची पद्धत) सुरू केलंय, रोज स्टँड-अप (कामाची छोटी बैठक) होतो, तरी रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) तिमाहीलाच निघतो. मग डेव्हलपमेंट, टेस्टिंग, सपोर्ट हे विभाग मोडावेत का? माझं मत, मोडा. पण सगळे एकदम नको.

मी इथेच टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका निर्यातदाराला पॅकिंग लिस्टवर प्रत्येक कार्टनचं निव्वळ आणि ढोबळ वजन वेगवेगळं हवं होतं. कोडिंग जेमतेम अर्ध्या दिवसाचं. पण मागणी आधी सपोर्टकडे, तिथून ॲनालिस्टकडे (मागणी समजून नीट लिहून काढणाऱ्याकडे), मग डेव्हलपमेंट मॅनेजरच्या यादीत, शेवटी टेस्टिंगच्या रांगेत. महिना उलटला. आळस कुणीच केला नव्हता, काम प्रत्येक टेबलावर नुसतं पडून होतं. स्टँड-अपने ही रांग हलत नाही.

मग आम्ही फक्त पॅकिंग-डिस्पॅचची एक टीम काढली. तिच्यात डेव्हलपर, टेस्टर, कारखान्यात जाऊन बसणारा सपोर्टचा माणूस आणि आधी काय करायचं हे ठरवणारी एकच व्यक्ती. २०२० च्या स्क्रम गाइडमध्येही (स्क्रमच्या नियमपुस्तिकेत) टीम साधारण १० किंवा कमी जणांची आणि प्रॉडक्ट ओनर, म्हणजे हीच ठरवणारी व्यक्ती, समिती नव्हे, एकच माणूस, असं स्पष्ट आहे. आपल्याकडे मालकच प्रॉडक्ट ओनर होतात आणि वसुलीच्या फोनांतून त्यांना सवड मिळत नाही. हे टाळाच.

एक टीम स्क्रीनची, दुसरी डेटाबेसची (माहिती साठवण्याच्या भागाची) अशी वाटणी करू नका. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिची सिस्टीम घडते. म्हणून धागा-विणकाम, डाईंग, शिलाई-पॅकिंग अशी कारखान्यातल्या टप्प्यांप्रमाणे वाटणी करा. सर्व्हर सांभाळणारा एकच असेल तर तो सगळ्यांचा राहू द्या.

खरी अडचण पगारवाढीची. टेस्टरची वाढ टेस्टिंग मॅनेजर सापडलेल्या बगवरून (सॉफ्टवेअरमधल्या चुकांवरून) ठरवत असेल, तर टेस्टर मनाने त्याच विभागात राहणार. आधी हे बदला. आणि त्या मॅनेजरचं पुढे काय, हे त्याला समोर बसवून सांगा. आमच्याकडे त्यांनी सगळ्या टीमना ऑटोमेशन (टेस्टिंग प्रोग्रामकडून करून घेणं) शिकवायचं काम घेतलं, आणि त्यांचा अनुभव तिथे फार उपयोगी पडतोय.

ज्या ग्राहकाचे फोन सर्वाधिक येतात, त्याच्या कामापासून पहिली टीम काढा आणि मागणी आल्यापासून ती त्याच्या हातात पडेपर्यंतचे दिवस मोजा. ते कमी झाले तरच दुसरी टीम काढा.