सिंडिकेट कर्ज: व्याजदराआधी हे कलम वाच

पहिलंच सिंडिकेट कर्ज, म्हणजे अनेक बँका मिळून देतात ते कर्ज, आहे ना? मग सगळी ताकद व्याजदराच्या घासाघिशीत घालवू नकोस. टर्मशीट, म्हणजे मुख्य अटींचा मसुदा, आली की आधी बघ, पुढे एखादी अट शिथिल करायची झाली तर किती बँकांचा होकार लागेल. बहुधा कर्जात मिळून दोन-तृतीयांश हिस्सा असलेल्या बँकांचा. पण व्याज कमी करायला किंवा मुदत वाढवायला प्रत्येक बँकेचा. त्यात कुणी आपला हिस्सा विकला की समोर अनोळखी बँक येऊन बसते. म्हणून हस्तांतराच्या कलमावर अडून बस, अगदी अरेंजर, म्हणजे कर्ज जुळवून देणारा, वैतागला तरी.

कमाई रुपयांत आणि कर्ज डॉलरमध्ये असेल तर हेजिंगचा, म्हणजे डॉलरच्या चढउतारापासून बचावाचा, खर्च धरूनच तुलना कर. १९८२ मध्ये मेक्सिको अशाच डॉलर कर्जांत, तीही बदलत्या व्याजदराच्या, अडकला होता.

आणि वाईट बातमी एजंट बँकेला, म्हणजे सगळ्या बँकांच्या वतीने कर्जाचं काम बघणाऱ्या बँकेला, ताळेबंद तिच्याकडे जाण्याआधी कळव.