शिडाच्या होडीत पाणी येते कोठून?

प्रश्न : मी 28 फुटी, फायबरची जुनी शिडाची होडी घेतली असून ती मुंबई बंदरात नांगरलेली असते. दर शनिवारी इंजिनाखाली दोन-तीन बादल्या पाणी साचलेले आढळते. एका मिस्त्रींनी ग्लँडचे (पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, होडीबाहेर जातो तेथल्या सांध्याचे) पॅकिंग बदलले, दुसऱ्यांनी आतून सिलिकॉन फासले. तरी पाणी येतेच. पावसाळ्यासाठी होडी वर ओढण्यापूर्वी दोष कसा शोधावा?

उत्तर : इंजिनाखालची जागा बहुधा होडीत सर्वांत खोल असते, त्यामुळे कोठूनही शिरलेले पाणी अस्तरामागून वाहत अखेर तेथेच पोहोचते. म्हणून पाणी कोठे साचते यापेक्षा ते कोणते आहे आणि केव्हा येते, हे आधी ठरवावे.

सर्व पाणी उपसून तळ गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि फडक्याने कोरडा पुसा. जुने मीठ राहिले, तर पुढची परीक्षा फसते. नंतर जमलेले पाणी चाखून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. बंदरातल्या पाण्याच्या बाबतीत तो मला मुळीच मान्य नाही. वॉटर फिल्टरवाले वापरतात तो टीडीएस मीटर पुरेसा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, नळाच्या पाण्यात ग्रॅमभरही नसतात. मे महिन्यापर्यंत मुंबईत सहसा पाऊस नसतो. तेव्हा पाणी गोडे निघाले, तर संशय थेट होडीतल्या गोड्या पाण्याच्या टाकीवर आणि तिच्या नळ्यांवर घ्यावा. टाकीत खाण्याचा लाल रंग मिसळा. तळाशी रंगीत पाणी उतरले की शोध तेथेच संपला.

पाणी खारे असेल, तर एका वहीत नोंद ठेवा : होडी नुसती उभी असताना किती पाणी आले, इंजिन तासभर चालवल्यावर किती, आणि शिडावर एका अंगाला कलून गेल्यावर किती. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणे योग्यच असते, कारण त्यानेच पॅकिंग थंड राहते. शाफ्ट थांबल्यावर मात्र थेंब थांबले पाहिजेत. पाणी केवळ इंजिन चालू असतानाच वाढत असेल, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे सील आणि एक्झॉस्टची नळी तपासा. एकाच अंगाला कलल्यावर येत असेल, तर त्या बाजूचे उपसा-पंपाचे तोंड पाण्याखाली जाऊन सायफनने पाणी उलटे आत येत असण्याचा संभव मोठा आहे.

उभ्या होडीतही पाणी येत असेल, तर तळातला प्रत्येक कॉक (तळाच्या भोकावरची झडप), त्याची नळी आणि क्लिप यांभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, आणि कोरड्या तळावर टाल्कम पावडर भुरभुरा. माझ्या होडीत त्या पांढऱ्या पावडरीतून करंगळीएवढी रेघ शौचालयाच्या कॉकपर्यंत गेलेली दिसली. तोवर मी दोन महिने ग्लँडलाच दोष देत होतो. अशी क्लिप गंजलेली दिसल्यास त्याच दिवशी बदला : पाण्याखाली अर्धा मीटर असलेल्या 25 मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला 50 लिटरहून अधिक पाणी आत येऊ शकते.

सिलिकॉन काढून टाकणेच बरे, कारण आतून लावलेला थर गळती थांबवत नाही, तिची वाट तेवढी वळवतो. एवढे करूनही उगम सापडला नाही, तर कीलचे, म्हणजे होडीच्या तळाखाली बसवलेल्या जड कण्याचे, बोल्ट उरतात. होडी वर घेतल्यावर, तळ धुण्याआधी, कीलच्या सांध्याकडे नीट पाहा. आत मुरलेले पाणी पहिल्या एक-दोन दिवसांत तेथून झिरपून बाहेर येते, आणि त्यात गंजाचा तांबूस ओघळ असेल, तर बोल्ट काढून तपासल्याशिवाय होडी पुन्हा पाण्यात सोडू नका.