जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर हृदयरुग्णांच्या सीसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात, काम करायचं असेल तर कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

ताई, तुमचं जीएनएम आणि अंबाजोगाईकडच्या जनरल वॉर्डातली दोन वर्षं, एवढी शिदोरी पुरेशी आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा कार्डिओथोरॅसिक (हृदय आणि छातीच्या) नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, तो करा. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, ते बघाच. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडलं तर जीव वाचवण्याचं प्राथमिक आणि पुढचं प्रशिक्षण) मात्र डिप्लोमाची वाट न बघता आधी उरकून घ्या. या दोन्हींचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं.

पण खरं शिक्षण ईसीजीपासून सुरू होतं. छातीत दुखणारा पेशंट आला की १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. ईसीजीचे छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही१ आणि व्ही२, चौथ्या बरगडीखालच्या फटीत लागतात. घाईत ते वर लावले जातात आणि पट्टीच चुकीची येते. बोटांनी फटी मोजायची सवय लावा.

आपल्याकडं लातूर-बीडच्या खेड्यांतून येणारी माणसं ‘पित्त झालंय’ म्हणतात. साखरेचा जुना आजार असलेल्या एक आजी माझ्याकडं नुसता घाम आणि दम घेऊन आल्या होत्या, छातीत कळ अजिबात नव्हती. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. तेव्हापासून अशा पेशंटला मी रांगेत बसवत नाही.

रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर कुठं रक्तस्राव होतोय का हे कळायला हिरड्या, लघवीचा रंग आणि शुद्ध यांवर नजर ठेवायची. हे सीनियर सिस्टरसोबत रात्रपाळ्या केल्यावरच अंगात भिनतं, म्हणून त्या मागून घ्या.