शेतातल्या सौर पंपाचे पॅनेल चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून ५ एचपीचा पंप बसलाय, शेत गावापासून लांब आहे, रात्री तिथं कोणी नसतं आणि शेजारच्या शिवारातले पॅनेल गेल्यापासून धास्ती आहे. कॅमेरा बसवावा का? जालना-बीड पट्ट्यात मी हीच फिटिंगची कामं करतो. माझ्या मते कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी नट-बोल्ट, मग रस्ता.

५ एचपीला ५४० वॅटचे साधारण ९ पॅनेल लागतात. एकेक सव्वादोन मीटर लांब, वजन २८ किलोच्या आसपास. हा माल कोणी मोटारसायकलवर नेत नाही, पिकअप लागतोच. खोलायला मात्र एक पाना पुरतो, कारण फिटिंगवाले घाईघाईत साधे नट आवळून पुढच्या गावाला जातात.

शिअर नट मिळाले तर तेच लावा. आवळत गेलं की त्याचं षटकोनी डोकं तुटून पडतं आणि वर गुळगुळीत शंकू उरतो. त्यावर पाना धरत नाही. नाही मिळाले तर नटाबाहेर आलेले बोल्टचे आटे छिन्नीनं चेपून टाका. ठोकताना मागून जड लोखंड धरायचं, नाहीतर हादऱ्यानं काच तडकते.

आमच्याकडे सर्रास वेल्डिंगचा टाका मारतात. चालतं, पण ठिणगी पॅनेलच्या मागच्या शीटवर पडली की बारीक भोक पडतं आणि पावसाळ्यात ओल आत शिरते. मागं ओलं गोणपाट धरा. आधी डीसी स्विच (पॅनेलकडून येणारा करंट तोडणारा) बंद करून कंट्रोलरच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीच्या, वायरी सोडा. जिथं जस्ताचा थर जळेल तिथं झिंक पेंट मारा. मी चारपैकी दोनच बोल्टांना टाका मारतो. चोराला तेवढा त्रास पुरेसा असतो, आणि उद्या गारपिटीत पॅनेल फुटला तर आपल्यालाच ग्राइंडर घेऊन बसावं लागतं. फ्रेमला नवीन भोकं मात्र पाडू नका, वॉरंटीला अडचण येते.

आता रस्ता. पिकअप स्ट्रक्चरपर्यंत जाऊच नये, म्हणून वाटेला आडवा चर खणा किंवा दोन खांब रोवून साखळदंड लावा. बांधावरून नऊ पॅनेल हातानं वाहून न्यायचे म्हटलं की बरेच जण नाद सोडतात.

भोंग्याची एक गोष्ट लक्षात घ्या. पॅनेलच्या करंटवर चालणारा भोंगा रात्री मुका असतो. म्हणून फ्रेमच्या मूळच्या भोकांतून एक बारीक वायर सगळ्या पॅनेलमधून ओवून घ्या आणि ती बॅटरीवरच्या रिलेला, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचला, जोडा. वायर तुटली की भोंगा वाजला पाहिजे. सिमकार्डवाला अलार्म घेतला तर फोनही येतो, फक्त शेतात रेंज आहे का ते आधी बघा. कॅमेरा घेतलाच तर तोंड वाटेकडे करा, गाडीचा नंबर दिसायला हवा.

कुंपणात घरगुती लाइन सोडायचा विचारही करू नका. माणूस मरतो आणि गुन्हा तुमच्यावर पडतो. कुंपणाला क्षणभराचाच झटका देणारं झटका मशीन वेगळं, ते चालेल.

आज संध्याकाळी एवढं तरी कराच: नऊही पॅनेलच्या आणि कंट्रोलरच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर गावाचं नाव आणि गट नंबर कोरून घ्या. योजनेत ५ वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह आहे, पण चोरी झाल्यावर एफआयआर आणि हे नंबर हाताशी नसले तर विमा मागायचा कशावर? ठाण्यात एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) भागवू देऊ नका, एवढ्या मालाची चोरी दखलपात्र आहे. महावितरणला आणि पंप बसवणाऱ्या कंपनीलाही लगेच लेखी कळवा, पोच घ्या.