मोहरीचा फोडणीशिवाय काही उपयोग आहे का, आणि तिचे आरोग्याला खरंच फायदे असतात का?

मीपण बरीच वर्षं हेच धरून चालले होते की मोहरी तेलात टाकायची, तडतडली की तिचं काम संपलं. मग एकदा हौसेने मिक्सरमधून पूड काढली, गरम पाण्यात कालवली आणि ती नुसती कडूजहर झाली, झणका कुठेच नाही. तिथून नाद लागला.

तर गंमत अशी की अख्ख्या दाण्यात तो झणका नसतोच. एक दाणा चावून बघा, आधी काहीच लागत नाही, मग हळूच नाकात चढतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य वेगळं असतं आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगळं, दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि तेव्हा कुठे तो नाकाला झोंबणारा पदार्थ बनतो. हे एन्झाइम उष्णतेने मरतं, माझी पूड फसली ती त्यामुळेच. थंड पाण्यात कालवून 10 मिनिटं ठेवा, मगच लिंबू किंवा व्हिनेगर घाला. आंबट आधी पडलं तर झणका नीट तयार होत नाही, नंतर पडलं तर आहे तो टिकतो. जुनी माणसं मोहरी फेसायची ती हीच.

फोडणीत मात्र दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, एन्झाइम जातं, राहतो तो खमंगपणा. वाईट काही नाही, फक्त ती वेगळीच चव झाली. पिवळी मोहरी जरा सौम्य, ती नाकापेक्षा जिभेवर जास्त लागते. सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये चमचाभर मोहरीची पेस्ट घातली की तेल आणि व्हिनेगर लवकर वेगळे होत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं!

आता फायदे. सेलेनियम, मॅग्नेशियम, थोडं ओमेगा-3 हे सगळं आहे, पण आपण खातो किती, अर्धा चमचा? त्यात वजनबिजन कमी होत नाही. मला पटलेला एक उपयोग सांगते, ब्रोकोली शिजवली की तिचं स्वतःचं एन्झाइम मरतं, वरून चिमूटभर कच्ची मोहरीपूड भुरभुरवली की मोहरीचं एन्झाइम ते काम करतं आणि सल्फोराफेन नावाचं, तब्येतीला चांगलं मानलं जाणारं द्रव्य जास्त तयार होतं, ज्यासाठी लोक ब्रोकोली खातात.

मोहरीची ॲलर्जी असते आणि ती जोरदारही येऊ शकते, त्यामुळे आधी कधी अंगावर पित्त उठलं असेल तर प्रयोग नकोत. आणि सर्दीला छातीवर मोहरीचा लेप लावायचा सल्ला कुणी दिला तर लावू नका, जास्त वेळ राहिला तर कातडीवर फोड येतात.