सही केली तर भाऊ बोलेल काय?

"अक्का, शास्त्र सांगतं शत्रूवरसुद्धा प्रीती करा. हा तर माझा पाठचा भाऊ. मग सही करून टाकू काय?"

खानापूर तालुक्यातली पन्नाशीची बाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आई आधीच वारलेली, वडील मृत्युपत्र न करता गेले. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबात १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी होतात. भावाला तिच्याकडून हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, हवं होतं. तिनं विचार करायला वेळ मागितला, त्यानं बोलणंच टाकलं. नाताळाला ती करंज्यांचा डबा घेऊन निपाणीला गेली, तर भावजयीनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

सही करू नका, असं मी म्हटलं नाही. तो माझा अधिकार नव्हे. एवढंच विचारलं, "सही केली आणि तरीही त्यानं फोन उचलला नाही तर?"

"मग जमीन कशाला देऊ?" ती फटकन बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशू हेच बोलतो: परत मिळेल या आशेनं उसनं तर पापी माणसंही देतात. ती जमीन देऊन भाऊ मिळवायला निघाली होती. त्याच अध्यायात अंगरखा नेणाऱ्याला आतलं वस्त्रही नेऊ द्या असं आहे की, असं तिनं मला सुनावलं. बरोबरच होतं. म्हटलं, द्या खुशाल, पण भाऊ बोलणार नाही हे धरून द्या.

मग मार्कचा १० वा अध्याय काढला. सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं येशूनं ज्याला सांगितलं, त्या श्रीमंत माणसावर त्यानं प्रीती केली, असं मार्क स्पष्ट लिहितो. तरी तो खिन्न होऊन निघून गेला. येशूनं ना अट सैल केली, ना त्याच्या मागे धावला. ही गोष्ट तिनं उपासनेत कितीदा ऐकलेली, पण पैशाच्या मोहाची म्हणून.

"प्रभूलापण सोडून गेला म्हणायचा," ती म्हणाली.

प्रेषित पौलही रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात (रोमकरांस १२:१८) 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' सगळ्यांशी शांतीनं राहा म्हणतो. दुसऱ्याच्या वाट्याचं तो आपल्या माथी मारत नाही.

तिनं कागद वकिलाला दाखवलाय, सही अजून केलेली नाही. भावासाठी प्रार्थना रोज करते. निपाणीला जाणं तूर्त बंद आहे, भाचीशी मात्र फोनवर बोलणं होतं.