मुलीला पीएचडीची ऑफर आली आहे. आता लॅब निवडू द्या

पत्र : मुलीने शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलं. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने तिला पीएचडीला घेतलं आहे. फी माफ, दरमहा स्टायपेंड. 15 एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. इथले एक कन्सल्टंट म्हणतात, पीएचडीत सहा वर्षं जातील, त्यापेक्षा 45 लाखांचं कर्ज काढून दोन वर्षांचं एमएस करू दे, लगेच नोकरी लागेल. मुलीला टीबीच्या जंतूंवर काम करायचं आहे आणि तिच्या आईला नेमकी त्याचीच धास्ती आहे. लग्नाचं वयही होत आलं. काय करावं?
– एक वडील, इचलकरंजी

नमस्कार.

आधी एकच सांगते, घर तारण ठेवू नका. तुमच्या मुलीच्या हातात जे आहे ते मिळवण्यासाठी मुलं दोन-दोन वर्षं अर्ज करत बसतात. अमेरिकेत जीवशास्त्रातली पीएचडी म्हणजे एका अर्थी नोकरीच. फी विद्यापीठ किंवा गाइडची ग्रँट भरते, आरोग्य विमा मिळतो आणि वर्षाला साधारण 30 ते 40 हजार डॉलर स्टायपेंड. त्यात एकटा माणूस नीट राहतो. साठत फारसं नाही, पण कर्जही होत नाही. एमएसनंतर लगेच नोकरी, हे कन्सल्टंट कशाच्या जोरावर सांगतात? पदवीनंतर कामासाठी 12 महिने मिळतात, विज्ञान शाखेला आणखी 24. त्यात कंपनी मिळाली नाही तर हप्ते इचलकरंजीतून फेडावे लागतील. त्यांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का, एवढं शांतपणे विचारून पाहा.

सहा वर्षांचं म्हणणं मात्र खोटं नाही. साडेपाच-सहा वर्षं लागतात. प्रश्न आहे तो ती वर्षं कशी जातात हा, आणि ते मॅडिसनपेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतं : ती कोणता जंतू निवडते आणि कोणता गाइड.

जंतूचं आधी सांगते, कारण आईंची काळजी त्यात आहे. ई. कोलाय हा लॅबमधला नेहमीचा जंतू चांगल्या मीडियात, म्हणजे त्याच्या खाद्यात, वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी मीडियात जंतू सोडले, दर अर्ध्या तासाने ओडी, म्हणजे गढूळपणा, मोजला की संध्याकाळी ग्रोथ कर्व्ह, वाढीचा आलेख, तयार. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला जवळपास पूर्ण दिवस घेतो. प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या तबकडीवर, कॉलनी (जंतूंचे ठिपके) दिसायला तीन-चार आठवडे. विसाव्या दिवशी प्लेटवर बुरशी आली तर महिना गेला. त्या दिवशी तुमची मुलगी फोनवर गप्प असेल. तेव्हा ‘परत ये’ म्हणू नका, ‘जेवलीस का’ एवढंच विचारा.

सुरक्षेबाबत आईंना सांगा की पहिल्या दिवशी कोणी विद्यार्थ्याच्या हाती टीबी देत नाही. जिवंत, रोगकारक टीबीचं काम तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या बंद खोलीत चालतं. आतली हवा बाहेर येऊ नये म्हणून तिथला दाब कमी ठेवतात, गाऊन, दोन-दोन ग्लव्ह्ज आणि रेस्पिरेटर लागतो, आणि ट्रेनिंग पूर्ण होऊन सही मिळेपर्यंत दार उघडत नाही. सुरुवातीचे बरेच प्रयोग टीबीच्या निरुपद्रवी भाऊबंदावर, मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिसवर होतात. तो तीन तासांत दुप्पट होतो, तीन दिवसांत कॉलनी देतो आणि साध्या बेंचवर हाताळता येतो. जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे रुग्ण भारतात आहेत. आपल्याकडच्या मुलीला हाच विषय घ्यावासा वाटतो, याचं मला कौतुक वाटतं.

जाता जाता एक बारकावा : तिथे गेल्यावर टीबीची तपासणी करायला सांगतील. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्या मुलांची त्वचेवरची चाचणी बरेचदा पॉझिटिव्ह येते आणि उगाच घाबरगुंडी उडते. तिने रक्ताची चाचणी मागून घ्यावी.

आता गाइड. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे माझ्यावर गुदरलं आहे. मीही अमेरिकेत याच विषयात पीएचडी केली. विद्यापीठ दुसरं होतं. घाईत पहिली भेटली ती लॅब धरली. गाइडना रविवारीही बेंचवर माणूस लागायचा. आजीच्या दहाव्याला घरी जायची परवानगी मागितली तेव्हा ऐकलं, ‘तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे, लक्षात ठेव.’ मी ते दीड वर्ष खरं मानलं. रात्री अकराला इन्क्युबेटर बंद करताना रोज तेच वाक्य डोक्यात. शेवटी एका सीनियरने मला हाताला धरून परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात नेलं. तिथल्या बाईंनी माझा आय-20, म्हणजे ज्यावर विद्यार्थी व्हिसा मिळतो तो कागद, समोर ठेवला आणि विचारलं, यावर कोणाचं नाव आहे? विद्यापीठाचं होतं. गाइडचं नव्हतं.

ही गोष्ट मुलीने जाण्याआधीच पाठ करावी. विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाच्या कागदावर उभा असतो. लॅब बदलता येते, मी बदलली. अर्थात नवी लॅब मिळालीच नाही तर स्टायपेंड थांबतो, मग प्रोग्रॅम सुटतो आणि त्याबरोबर व्हिसाही. म्हणून भांडण करून बाहेर पडायचं नाही. आधी प्रोग्रॅमच्या संचालकांशी बोलायचं, दुसरी जागा पाहायची, मग सांगायचं.

हे टाळण्यासाठीच तिथे रोटेशनची पद्धत आहे. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाइड ठरवायचा. बहुतेक मुलं या काळात आपण कसे हुशार आहोत हे दाखवत बसतात. खरं तर तीच वेळ लॅब तपासायची. गाइडच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? कोणी मधेच सोडून गेलं का? लॅब मीटिंगमध्ये प्रयोग फसल्याचं सांगितलं की खोलीत काय होतं? हे प्रश्न पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लॅबबाहेर, चहा-कॉफीला नेऊन विचारायचे.

आणखी एक प्रश्न आपल्या मुलांनीच विचारावा लागतो, अमेरिकन मुलांना तो तितका नडत नाही : ‘ग्रँट कोणत्या वर्षापर्यंत आहे?’ एनआयएच (अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था) हिच्या प्रशिक्षण ग्रँट आणि एनएसएफ (तिथलं सरकारी विज्ञान प्रतिष्ठान) याची मोठी फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना किंवा कायम रहिवाशांना मिळते. परदेशी विद्यार्थी गाइडच्या संशोधन ग्रँटवर किंवा शिकवण्याच्या कामावर अवलंबून असतो. 2025 मध्ये एनआयएचच्या पैशांची ओढाताण झाली आणि काही विद्यापीठांनी प्रवेशच कमी केले. ऑफर लेटरमध्ये पाच वर्षांच्या खर्चाची हमी कोण देतंय, प्रोग्रॅम की फक्त गाइड, हे तिने आत्ताच मेल करून लेखी घ्यावं.

मॅडिसन गाव चांगलं आहे. हिवाळ्यात मेंडोटा तळं गोठतं आणि लोक त्यावरून चालतात. थंडी उणे वीसपर्यंत उतरते, तेव्हा जॅकेट तिथे जाऊनच घ्यावं. तुमच्या मुलीने एमएस्सीत मखमलीचा तुकडा वापरून रेप्लिका प्लेटिंग, म्हणजे एका प्लेटवरच्या कॉलनी जशाच्या तशा दुसरीवर उठवणं, केलं असेल. ती पद्धत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये याच विद्यापीठातून प्रसिद्ध केली. 1968 चं नोबेल मिळालं तेव्हा हरगोविंद खुरानाही इथेच होते.

लग्नाबद्दल स्पष्ट लिहिते. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला जो व्हिसा मिळतो त्यावर नोकरी करता येत नाही. स्थळ पाहताना ही गोष्ट मुलाकडच्यांना पहिल्या भेटीतच सांगा. पुढची कटुता टळते. तिने लग्न करून जावं की थांबावं, हे मात्र तिला विचारा, मला नको.

व्हिसाचा स्लॉट आय-20 हाती येताच घ्या. जंतूंवरचं संशोधन म्हटलं की काही अर्ज व्हिसा कायद्याच्या 221(जी) कलमाखाली जादा तपासणीसाठी अडकतात, कधी काही आठवडे. संशोधनाचा एक पानी साधा गोषवारा जवळ असू द्या. पहिला स्टायपेंड हातात पडायला महिना-दीड महिना जातो, म्हणून डिपॉझिट आणि दोन महिन्यांच्या भाड्याची सोय करून पाठवा. एवढा खर्च तुमचा. लॅबमधली कल्चर (वाढवलेले जंतू), स्लाइड, आठवण म्हणूनसुद्धा बॅगेत टाकू देऊ नका. परवान्याशिवाय जंतू नेणं गंभीर गुन्हा ठरतो.

आणि एक विनंती. तुमचं पत्र दोन पानी होतं. त्यात कन्सल्टंटचं मत आहे, मामांचं आहे, आईंची भीती आहे. मुलीचं एकही वाक्य नाही. तिला म्हणावं, 15 एप्रिलच्या आधी मला स्वतः लिही : टीबीच का, आणि प्लेटवर बुरशी आली त्या दिवशी तू काय केलंस. एमएस्सीत एकदा तरी आली असेलच.